चार्ज नाही, पण बेल आहे: इंग्लंडमधल्या पोलीस बेलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसांचे आहेत. शिकायला आलेली मुलं, नोकरीनिमित्त आलेली जोडपी, लेकाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील हे प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा रात्री उशिरा, फोनवर, दबक्या आवाजात. स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे तिथल्यांनी हे जसंच्या तसं लावू नये. आणि प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा सल्ला सॉलिसिटरचाच, म्हणजे इथल्या वकिलाचाच घ्यावा.

रात्रभर कोठडीत ठेवलं आणि सकाळी ‘बेल’वर सोडलं. कोर्ट मध्ये आलंच नाही. हा कसला जामीन?

आपल्या मनातला जामीन म्हणजे न्यायाधीश, जामीनदार, जातमुचलका आणि वकिलाची धावपळ. इथली पोलीस बेल तशी नाही. तपास अपुरा आहे, चार्ज करण्याइतका, म्हणजे रीतसर आरोप ठेवण्याइतका, पुरावा हातात नाही, पण प्रकरण सोडूनही द्यायचं नाही, अशा वेळी पोलीस स्वतःच तुम्हाला सोडतात आणि अमुक तारखेला अमुक स्टेशनवर परत या म्हणून सांगतात. सहसा पैसे भरावे लागत नाहीत. हा अधिकार त्यांना १९८४ च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्टने दिला आहे. इथे सगळे त्याला ‘पेस’ म्हणतात आणि तुमचे बहुतेक हक्कही त्याच कायद्यात आहेत.

निघताना जो कागद मिळतो तो जपून ठेवा. त्यावर परत यायची तारीख आणि अटी असतात. घरी पोचल्यावर आधी त्याचा फोटो काढा. हा कागद हरवल्यामुळे तारीख चुकलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणजे मी सुटलो की नाही?

नाही. तुम्ही संशयित आहात, आरोपी नाही आणि गुन्हेगार तर मुळीच नाही. तपास मात्र चालू आहे.

चार्ज म्हणजे आपल्याकडचं आरोपपत्र का?

नेमकं तसं नाही. भारतात पोलीस तपास संपवून आरोपपत्र न्यायालयात दाखल करतात आणि आरोप निश्चित करतो तो न्यायाधीश. इथे चार्ज सहसा पोलीस स्टेशनातच होतो. गुन्हा कोणता ते कोठडी सांभाळणारा कस्टडी सार्जंट (म्हणजेच कस्टडी ऑफिसर) वाचून दाखवतो, कागद हातात देतो आणि त्यानंतर तुम्हाला मॅजिस्ट्रेट कोर्टात उभं राहावं लागतं. गंभीर प्रकरणांत चार्ज करायचा की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस म्हणजे सीपीएस ठरवते. सगळं ताटकळणं या दोन टोकांच्या मधलं आहे: अटक झालेली आहे आणि चार्ज झालेला नाही.

भारतात चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. इथे?

इथे तसा नियम नाही आणि आपली माणसं नेमकी इथेच गोंधळतात. चार्ज न करता ठेवायची मर्यादा साधारण २४ तास आहे आणि ती स्टेशनात पोचल्यापासून मोजली जाते. गुन्हा गंभीर वर्गातला असेल तर सुपरिंटेंडंट ती ३६ तासांपर्यंत वाढवू शकतो. त्याच्या पुढे मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते आणि तीही फार तर एकूण ९६ तासांपर्यंतच मिळते. दहशतवादाच्या कायद्याखाली हीच मुदत १४ दिवसांपर्यंत जाते.

खरी मेख पुढे आहे. बेलवर सोडलं की हे घड्याळ थांबतं. दहा तास वापरून झाले असतील तर परत बोलावल्यावर अकराव्या तासापासून मोजणी सुरू होते, मग मध्ये सहा महिने का जाईनात. २०११ मध्ये सॅल्फर्डच्या एका प्रकरणात हायकोर्टाने उलट निकाल दिला होता, की बेलवरचा काळही त्या ९६ तासांतच धरायचा. पोलिसांची इतकी तारांबळ उडाली की काही आठवड्यांतच संसदेने नवा कायदा करून घड्याळ पुन्हा जुन्यासारखं केलं. माणसाला किती काळ टांगून ठेवायचं, हा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नाही.

मग बेल किती काळ चालू शकते? माझी तारीख तीनदा पुढे गेली आहे.

याचं उत्तर थोडं मागे जाऊन द्यावं लागेल, कारण आजचे नियम जुन्या जखमांतून आले आहेत.

२०१७ पर्यंत कायद्यात मुदतच नव्हती. महिने जात, वर्षं जात. रेडिओवरचे प्रसिद्ध निवेदक पॉल गॅम्बाचिनी यांना २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये अटक झाली. पुढचं जवळजवळ वर्षभर त्यांची बेलची तारीख पुढे ढकलली जात राहिली, काम बंद पडलं, आणि अखेर चार्ज झालाच नाही. २०१५ मध्ये त्यांनी संसदेच्या गृहविषयक समितीसमोर आपली हकिगत सांगितली. अशी नामवंत माणसं बोलू लागली तेव्हा कुठे सरकार हललं. ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही अशी कितीतरी माणसं तोवर तसंच सोसत होती.

३ एप्रिल २०१७ पासून बेलला २८ दिवसांची मुदत आली आणि पुढची वाढ वरच्या अधिकाऱ्याकडून किंवा कोर्टाकडून घेणं भाग पडलं. पोलिसांनी त्यावर पळवाट काढली. बेल द्यायचीच नाही, ‘रिलीज्ड अंडर इन्व्हेस्टिगेशन’ (आर यू आय), म्हणजे तपास चालू ठेवून बेलशिवाय सोडायचं. त्याला ना तारीख, ना अट, ना मुदत. संशयित तर लटकलेच, पण तक्रारदारांनाही कसलं संरक्षण उरलं नाही. २०१८ मध्ये एका स्त्रीचा तिच्यापासून वेगळ्या झालेल्या नवऱ्याने खून केला. आधीच्या तक्रारीत पोलिसांनी त्याला असंच अटींशिवाय सोडलेलं होतं. त्या स्त्रीच्या ‘के’ या नावावरून पुढच्या सुधारणेला ‘केज् लॉ’ म्हणतात.

ती सुधारणा २८ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे आणि तुमची बेल बहुधा तिच्याच खाली असेल. पहिली मुदत ३ महिन्यांची, ती कस्टडी ऑफिसर देतो. इन्स्पेक्टर ती ६ महिन्यांपर्यंत नेऊ शकतो आणि सुपरिंटेंडंट ९ पर्यंत. त्यापुढे मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करावा लागतो. कोर्ट १२ महिन्यांपर्यंत, काही प्रकरणांत १८ पर्यंत, आणि गरज पटली तर त्याच्याही पुढे मुदत देऊ शकतं. सीरियस फ्रॉड ऑफिस किंवा करखात्यासारख्या संस्थांच्या तपासात मुदती मुळातच जास्त असतात.

आणखी एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. कागदपत्रं चार्जच्या निर्णयासाठी सीपीएसकडे गेली की ही मुदत मोजणं थांबतं. त्यामुळे तारीख पुढे गेली की तपास अधिकाऱ्याला सरळ विचारा, किंवा सॉलिसिटरकरवी विचारा: तपास अजून पोलिसांकडे आहे की फाइल सीपीएसकडे गेली?

मुदत वाढवताना मला विचारतात का?

विचारायला हवं. वाढ देण्याआधी तुमचं किंवा तुमच्या सॉलिसिटरचं म्हणणं ऐकून ते विचारात घेणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. कोर्टातला अर्ज बहुधा कागदावरच निकाली निघतो, कुणी समोर उभं राहत नाही. म्हणून तुमचं म्हणणं कागदावर असलंच पाहिजे. ‘मला त्रास होतो’ एवढंच लिहू नका. फोन जप्त होऊन किती आठवडे झाले, त्याची तपासणी सुरू तरी झाली का, कोणता साक्षीदार अजून राहिला, नोकरीवर काय परिणाम झाला, हे तारखांसह लिहा. तपास नेटाने चालला आहे हे दाखवण्याची जबाबदारी पोलिसांची आहे.

९० दिवस झाले, चार्ज नाही. केस आपोआप संपली ना?

नाही. हा प्रश्न भारतातून येतो. तिथे ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर कोठडीतल्या माणसाला जामिनाचा हक्क मिळतो. केस तिथेही संपत नाही आणि इथे तर तो नियमच नाही.

इथे वेगळी मुदत आहे ती अगदी किरकोळ, फक्त मॅजिस्ट्रेट कोर्टातच चालणाऱ्या गुन्ह्यांना. त्यांत कारवाई घटनेपासून ६ महिन्यांत सुरू करावी लागते. घरगुती हिंसाचारातल्या साध्या मारहाणीसाठी ही मुदत २०२२ मध्ये वाढवली: तक्रार केल्यापासून ६ महिने, मात्र घटनेपासून २ वर्षांच्या आत. चोरी, फसवणूक, लैंगिक गुन्हे यांना अशी मुदत नाही.

मला बेल नाही, ‘आर यू आय’ दिलंय. हे बरं की वाईट?

अटी नाहीत आणि तारीख नाही, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं. पण मुदतही नाही, त्यामुळे वर्ष उलटलं तरी विचारणारं कुणी नसतं. २०२२ नंतरही ही पद्धत चालूच आहे.

यात मोठा धोका पोस्टाचा आहे. चार्ज करायचं ठरलं तर कोर्टाचं बोलावणं पत्राने येतं. आपली मुलं वर्षाला घर बदलतात. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहतं, कोर्टाची तारीख निघून जाते आणि वॉरंट निघतं. म्हणून घर बदललं की तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि जुन्या घरमालकाला टपाल जपून ठेवायला सांगा.

बेलच्या अटी कुठवर जाऊ शकतात?

अमुक माणसाशी संपर्क नाही, अमुक रस्त्यावर जायचं नाही, ठरलेल्या पत्त्यावरच झोपायचं, आठवड्यातून एकदा सही करायला यायचं, पासपोर्ट जमा करायचा. सहसा अटी अशा असतात. अट लावायला कारण लागतं: तुम्ही तारखेला यावं, बेलवर असताना गुन्हा करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये, किंवा तुमचं स्वतःचं संरक्षण व्हावं. शिक्षा म्हणून अट लावता येत नाही. तक्रारदाराच्या संरक्षणाशी संबंधित अटी लावताना पोलिसांनी शक्य तिथे तक्रारदाराचं मत घ्यायचं असतं.

सगळ्यात जड जाते ती स्वतःच्या घरी न जाण्याची अट. नवराबायकोच्या भांडणात शेजाऱ्याने फोन केला, पोलीस आले, आणि संध्याकाळी हातात एक पिशवी घेऊन माणूस रस्त्यावर. अशा वेळी ओळखीच्या घरी आसरा मागायची लाज वाटते आणि मग माणूस ‘फक्त कपडे घ्यायला’ म्हणून घरी जातो. जाऊ नका. कपडे, औषधं, लॅपटॉप हवा असेल तर पोलिसांना सांगा, ते सोबत येतात किंवा तिसऱ्या माणसाकरवी सोय करतात.

अट जाचक असेल तर ती बदलून मागता येते. आधी कस्टडी ऑफिसरकडे अर्ज करा. त्याने नाही म्हटलं तर मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे जाता येतं.

अट मोडली किंवा तारखेला गेलो नाही तर?

या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. अट मोडणं हा स्वतंत्र गुन्हा नाही, पण त्यासाठी तुम्हाला पुन्हा अटक होऊ शकते, आणि पुढे चार्ज झाला तर कोर्ट बेल देताना ते लक्षात ठेवतं. सबळ कारणाशिवाय तारखेला हजर न होणं मात्र १९७६ च्या बेल ॲक्टखाली गुन्हाच आहे, मूळ प्रकरणात पुढे काहीही निष्पन्न न झालं तरी.

पोलीस अनेकदा आदल्या दिवशी मेसेज करून तारीख बदलतात. तसा लेखी मेसेज हाती नसेल तर मूळ तारखेला जाऊन उभे राहा.

आई पुण्यात आयसीयूत आहे. भारतात जाऊ शकतो का?

बेलच्या कागदावर देश सोडू नये किंवा पासपोर्ट जमा करावा अशी अट आहे का ते आधी पाहा. असेल तर परवानगीशिवाय विमानतळ गाठू नका. त्याच दिवशी सॉलिसिटरमार्फत अट बदलण्याचा अर्ज करा. सोबत हॉस्पिटलचं पत्र, परतीचं तिकीट, तिथला पत्ता आणि फोन, आणि इथल्या नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र जोडा. माणूस परत येणार हे कागदांवरून दिसलं पाहिजे. तशी अट नसेल, किंवा तुम्ही आर यू आयवर असाल, तर जायला कायद्याने बंदी नाही. तारखेच्या आत परत या आणि जाण्यापूर्वी सॉलिसिटरच्या कानावर घाला.

वकील घेतला तर ‘याने काहीतरी केलंय’ असं पोलिसांना वाटेल ना?

हा गैरसमज किती जणांना महागात पडला आहे, ते पाहून मन तुटतं. पोलीस स्टेशनातला कायदेशीर सल्ला इथे सगळ्यांना फुकट आहे. पगार कितीही असो, व्हिसा कोणताही असो, दिवस असो की रात्र. तुमचा ओळखीचा सॉलिसिटर नसेल तर ड्युटी सॉलिसिटर मिळतो. तो पोलिसांचा माणूस नाही. भारतात चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता येतं, पण तो पूर्ण वेळ शेजारी बसत नाही. इथे सॉलिसिटर पोलिसांच्या मुलाखतीत, म्हणजे चौकशीत, तुमच्या शेजारी बसतो, प्रश्न अडवतो, मुलाखत थांबवून एकट्यात बोलायला वेळ मागतो.

‘सॉलिसिटर यायला वेळ लागेल, तोवर बोलून मोकळे व्हा’ असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा आणि थांबा. अटक नसेल आणि ‘स्वतःहून’ मुलाखतीला बोलावलं असेल, तरीही हा हक्क तितकाच आहे.

गप्प बसावं की सांगावं?

मुलाखतीआधी पोलीस जी ताकीद देतात तिचा अर्थ असा: तुम्ही काही बोलायलाच हवं असं नाही, पण पुढे कोर्टात ज्या गोष्टीवर तुमची भिस्त असेल ती आत्ता विचारल्यावर सांगितली नाहीत, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते, आणि जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं. मधलं वाक्य १९९४ च्या कायद्याने आलं आणि तिथेच खरी कसोटी आहे. गप्प बसणं हक्क आहे, पण त्याची किंमत असू शकते. कधी गप्प राहायचं, कधी लेखी निवेदन द्यायचं, हे तुमचा सॉलिसिटर पोलिसांकडून माहिती काढून ठरवतो. ‘मी काही केलंच नाही, मग सगळं सांगून टाकतो’ हा भाबडेपणा टाळा.

मला इंग्रजी येतं. दुभाषी कशाला?

ऑफिसातलं इंग्रजी वेगळं आणि रात्री तीन वाजता, न जेवता, न झोपता, ‘इंटेन्शन’ आणि ‘रेकलेस’ यांतला फरक ओळखून दिलेलं उत्तर वेगळं. मराठी दुभाषी मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि तो फुकट असतो. हिंदीवर भागवा असं म्हणाले तर, हिंदी खरोखर चांगली येत असेल तरच हो म्हणा. आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत तर हा आग्रह धराच, आणि घरातल्या कुणालाही दुभाषी होऊ देऊ नका.

अटक झाल्याचं एका माणसाला कळवण्याचा हक्कही आहे. भारतीय नागरिक असाल तर भारतीय उच्चायुक्तालयाला कळवा असंही सांगता येतं. डायबेटिसच्या गोळ्या, उपासाचं किंवा शाकाहारी जेवण, हे मागायला संकोच करू नका.

फोनचा पिन द्यावाच लागतो का?

नुसतं विचारलं म्हणून नाही. पण २००० च्या ‘रिपा’ या तपासाच्या अधिकारांविषयीच्या कायद्याखाली रीतसर नोटीस आली आणि तरी दिला नाही, तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. साधारण प्रकरणांत त्याला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोटीस आली की उत्तर देण्याआधी सॉलिसिटरला दाखवा. आणि अटकेनंतर दुसऱ्या उपकरणावरून चॅट किंवा फोटो पुसू नका, कितीही निरुपद्रवी वाटले तरी.

तक्रार करणारा आपल्यातलाच आहे. मंडळातल्या ज्येष्ठांना मध्ये घालून मिटवता येईल का?

कळकळीने सांगते, नको. आपल्याकडे चार माणसं बसून वाद मिटवतात, त्यात मोठेपणा आहे. इथे तक्रारदाराला ‘तक्रार मागे घे’ म्हणून केलेला फोन, मग तो काकांनी केलेला असो की भावाने, साक्षीदारावर दबाव ठरू शकतो आणि तो गंभीर गुन्हा आहे. संपर्क न करण्याची अट सहसा दुसऱ्यामार्फतच्या संपर्कालाही लागू असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली ‘सत्य काय ते’ अशी पोस्टही त्यात मोडू शकते. शिवाय इथे केस मागे घेणं तक्रारदाराच्या हातात नसतंच, ते पोलीस आणि सीपीएस ठरवतात.

व्हिसाचं काय होईल?

पोलीस बेल वेगळी आणि इमिग्रेशन बेल वेगळी. पोलीस बेलमुळे व्हिसा आपोआप रद्द होत नाही. पण चालू तपासामुळे तुमचा नवा अर्ज रखडू शकतो. फॉर्ममधला प्रश्न शब्दशः वाचा: अटक, चार्ज, शिक्षा हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि खोटं उत्तर मूळ प्रकरणापेक्षा जास्त नुकसान करतं. अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘कधी अटक झाली होती का’ असाच प्रश्न असतो, तिथे चार्ज न झालेली अटकही सांगावी लागते. या कामासाठी इमिग्रेशनचा जाणकार वकील वेगळा गाठा.

पेपरात नाव येईल का? कंपनीला सांगावं का?

चार्ज होण्याआधी पोलीस सहसा नाव जाहीर करत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारीत इथल्या सुप्रीम कोर्टाने ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेविरुद्धच्या प्रकरणात म्हटलं, की चार्ज होण्यापूर्वी तपासाखालच्या माणसाला त्या माहितीबाबत खाजगीपणाची वाजवी अपेक्षा ठेवता येते. नोकरीचं मात्र तुमच्या करारावर अवलंबून आहे. शिक्षक, डॉक्टर, नर्स, वित्त क्षेत्रातले लोक यांच्यावर कळवण्याचं बंधन असू शकतं. नोकरीसाठी गुन्ह्यांच्या नोंदी पाहणाऱ्या साध्या डीबीएस तपासणीत अशी अटक दिसत नाही. एन्हान्स्ड प्रकारात पोलिसांना योग्य वाटली तर दिसू शकते.

घरी सांगावं का, असंही मुलं विचारतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने सात महिने नाशिकच्या घरी काहीच सांगितलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हसत राहिला आणि आतून खचत गेला. निदान एका माणसाला सांगा. प्रकरणाचे तपशील नाही, फक्त तुमच्यावर काय वेळ आली आहे एवढंच. खूपच खचल्यासारखं झालं तर जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा. मनाने खचलेल्यांचं ऐकून घेणाऱ्या समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा फोन चोवीस तास फुकट आहे.

‘नो फर्दर ॲक्शन’ असं पत्र आलं. आता सगळं संपलं?

बेल आणि तिच्या अटी त्या क्षणी संपतात. तक्रारदाराला निर्णयाचा फेरविचार मागता येतो आणि नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उघडू शकतं, पण बहुतेकांच्या बाबतीत हाच शेवट असतो. वाया गेलेल्या महिन्यांची भरपाई आपोआप मिळत नाही. अटकच बेकायदा होती असं वाटत असेल तर दावा करता येतो आणि त्याला साधारण ६ वर्षांची मुदत आहे.

पत्र आल्यावर तीन कामं करा. जप्त केलेला फोन, लॅपटॉप, पासपोर्ट लेखी मागा; दिला नाही तर १८९७ च्या पोलीस प्रॉपर्टी ॲक्टखाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. बोटांचे ठसे आणि डीएनए नष्ट झाले का ते विचारा. किरकोळ गुन्ह्यात चार्ज नसेल आणि आधीची शिक्षा नसेल तर ते ठेवता येत नाहीत, गंभीर गुन्ह्यांत मात्र काही वर्षं ठेवायची परवानगी मिळू शकते. आणि अटकेची नोंद पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर राहते. ती काढून टाकण्यासाठी ‘रेकॉर्ड डिलीशन’चा अर्ज आहे, त्यासाठी नो फर्दर ॲक्शनचं पत्र उपयोगी पडतं, म्हणून मूळ पत्र कुणालाही देऊ नका, प्रत द्या.